कॅल्शियमचा अंमल

स्नायू आखडतो तो मज्जातंतूतून आलेल्या विद्युत्स्पंदाच्या थेट आघाताने, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु मज्जातंतूचे टोक आणि स्नायू यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असून ती ओलांडतो तो ॲसिटिलकोलीन हा रासायनिक दूत, आणि त्याला बाहेर पडण्याचा परवाना देण्याचा अधिकार विजेकडे नसून कॅल्शियमकडे असतो.

लाइपझिग येथे १९११ साली जन्मलेले आणि हिटलरच्या अंमलामुळे १९३५ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आश्रयास आलेले बर्नार्ड काट्झ यांनी, पॉल फॅट यांच्यासह बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करीत असता, १९५२ साली असे प्रसिद्ध केले की, मज्जातंतू स्वस्थ असतानाही स्नायूत सुमारे अर्ध्या मिलिव्होल्टची क्षीण स्पंदने अधूनमधून उमटतच असतात. प्रत्येक स्पंदनामागे हजारो रेणूंचा एकेक ठराविक पुंज असतो आणि पूर्ण संदेश ही अशा अनेक पुंजांची बेरीज असते, हे पुढे देल कास्तियो व काट्झ यांनी दाखवून दिले. भोवतालच्या द्रवातील कॅल्शियम घटविले, तर पुंजाचा आकार तोच राहून सुटणाऱ्या पुंजांची संख्या मात्र रोडावते.

पेशीबाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजारपट असल्याने, विद्युत्स्पंद येताच टोकावरील विशिष्ट द्वारे उघडतात आणि आयन वेगाने आत शिरतात. सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन त्यांची दखल घेते, रसायनाने भरलेल्या पिटुकल्या कोशिका पेशीपटलाशी एकरूप होतात, आणि हा सारा व्यवहार सुमारे एका मिलिसेकंदात उरकतो. कॅल्शियमची मात्रा स्पंदापूर्वी क्षणभर दिली तरच ती फलद्रूप होते, स्पंदानंतर दिल्यास व्यर्थ जाते, असे काट्झ व मिलेडी यांनी सिद्ध केले. तर डॉज व राहामिमॉफ यांनी १९६७ साली दाखविले की, कॅल्शियम अल्प असताना ते दुप्पट केल्यास रसायनाचा स्राव जवळजवळ सोळापट वाढतो, म्हणजेच सुमारे चार आयनांचे सहकार्य येथे आवश्यक असावे. काट्झ यांना १९७० साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला.

या ज्ञानाची उपयुक्तता रुग्णशय्येपाशीही प्रत्ययास येते. लॅम्बर्ट-ईटन या व्याधीत शरीराचीच प्रतिपिंडे कॅल्शियमच्या द्वारांवर हल्ला करतात आणि रोग्याचे स्नायू दुबळे होतात. गर्भवतीच्या झटक्यांवर दिले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट प्रमाणाबाहेर गेले, तर मॅग्नेशियम कॅल्शियमला अटकाव करून श्वसनाचे स्नायूही निकामी करू शकते. म्हणून हे औषध चालू असताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया वारंवार तपासावी आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन हाताशी ठेवावे, असा वैद्यकाचा दंडक आहे.