आणखी काय घेता?

मावशीची दुसरी केमो लांबली तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "लिव्हर वाढलंय." वाढली होती ती यकृताची इजा दाखवणारी रक्तातली एसजीपीटी, 186. त्या आकड्याचं करायचं काय, हे कुणालाच उमगेना म्हणून मी तिच्यासोबत गेले आणि डे-केअर वॉर्डात सकाळभर बसले.

वजन, बीपी, रक्ताचा रिपोर्ट. मग सिस्टर येतात, चष्मा कपाळावर चढवलेला. "आमच्या गोळ्या सोडून आणखी काय घेता?" उत्तर ठरलेलं: "काही नाही." सिस्टर जागच्या हलत नाहीत. "काढा? गुळवेल? शेजारणीनं दिलेलं काही? डोकं दुखलं तर?" चौथ्या प्रश्नापर्यंत एखाद्या तरी पिशवीचं तोंड उघडतंच.

मावशीच्या पिशवीतून थर्मास निघाला. झाकण काढलं तशी स्पिरिटच्या वासात कडू, ओल्या सालीसारखा दर्प मिसळला. "गुळवेल, ताकद यावी म्हणून गं," मावशी माझ्याकडे बघत म्हणाली, सिस्टरकडे नाही. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं; आयुष मंत्रालयानं ते फेटाळलं. सिस्टर त्या वादात पडत नाहीत. केमोची कितीतरी औषधंही यकृतातूनच जातात. "दोघं एकदम आत शिरले तर चोर कोण, सांगा," म्हणाल्या आणि थर्मास बाजूला ठेवला.

"तीनपट" हा त्यांचा आवडता शब्द. एसजीपीटी साधारण 40 पर्यंत ठीक. तीनपटीच्या आत असली तर बहुधा उपचार चालू ठेवतात, तपासण्या वाढवतात. पाचपट ओलांडली की बहुतेक औषधं थांबतात. मावशी साडेचारपटीच्या पुढे, म्हणजे उंबऱ्यावर. तरी डॉक्टर शांत होते, कारण बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, 0.8 होतं. तीनपट एसजीपीटीसोबत बिलिरुबिनही दुप्पट झालं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर मात्र दहातला एक दगावू शकतो. तिचं ते 'लाल औषध', डॉक्सोरुबिसिन, पित्तावाटे बाहेर पडतं. बिलिरुबिन 1.2 च्या वर गेलं तर त्याचा डोसच निम्मा करावा लागतो.

हिपॅटायटिस बी-सीच्या तपासण्या, सोनोग्राफी, सगळं झालं. बी चा दबून बसलेला विषाणू केमोनं उसळू शकतो. आधी कळलं तर रोजच्या गोळीनं तो आवरता येतो, म्हणून ही तपासणी पहिल्या केमोच्या आधी हवी. घरी कुणीतरी लिव्हर टॉनिकची बाटली आणून ठेवली होती. त्यानं अशी इजा टळते याला भक्कम पुरावा नाही, आणि डॉक्टरांनी तर उलट असलेलंच काढून घेतलं: काढा बंद, पॅरासिटामॉल विचारल्याशिवाय नाही, आठवड्यानं पुन्हा रक्त. बाकी नुसती वाट बघणं. मला ते उपचारासारखं वाटेना. दोन आठवड्यांनी एसजीपीटी 58 वर आली. काढ्यानं वाढली होती की केमोनं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

58 चा रिपोर्ट आला त्या दिवशी मी पुन्हा तिथंच बसले होते. समोरच्या खाटेवरचे आजोबा "काही नाही" म्हणाले. सिस्टरनी उशीशेजारची स्टीलची बाटली उचलली, झाकण फिरवलं, हुंगली.

"कुणी दिलं, आजोबा?"

"सूनबाईनं. पहाटे उठून करते हो."

सिस्टर क्षणभर थांबल्या. मग फाइल उघडून त्यांनी विचारलं, "सूनबाई आल्यात का सोबत?"