आधी ठोका, मग झटका

दीड-दोन वर्षांचे मूल टेंगूळ येण्याइतकेच आपटते, रडायला तोंड उघडते आणि एकदम पांढरेफटक पडते. अंग ताठ होते, डोळे फिरतात, हातपाय झटकले जातात. ‘फिट आली’ म्हणत कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल. डॉक्टरांचेही बराच काळ फारसे वेगळे नव्हते. दोष मेंदूवर जाई आणि अपस्माराच्या गोळ्या सुरू होत. १९६७ मध्ये लोंब्रोसो आणि लर्मन या डॉक्टरांनी अशा प्रसंगी निळी पडणारी आणि पांढरी पडणारी मुले वेगळी मांडली. १९७८ मध्ये ग्लासगोच्या जॉन स्टीफन्सन यांनी पांढऱ्या पडणाऱ्या मुलांचा ईसीजी आणि ईईजी, म्हणजे हृदयाचा आणि मेंदूचा आलेख, एकत्र घेतला, तोही डोळ्यांवर दाब देऊन. आज असा प्रयोग कोणते आईबाप करू देतील? पण क्रम पक्का झाला. दुखल्याच्या धक्क्याने व्हेगस मज्जातंतू हृदयाला आवरतो, ठोका काही सेकंद थांबतो, मेंदूला रक्त मिळत नाही आणि मग झटका येतो.

त्यानंतर यंत्रे वाढली, तरी निदानाचा मोठा आधार अजूनही पाहणाऱ्याचे वर्णनच आहे: आधी काय झाले, रंग कोणता पडला, शुद्ध किती लवकर आली. छत्रपती संभाजीनगरातल्या चिकलठाण्याच्या ‘मिनी घाटी’त, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, आईला एवढे नीट विचारले, एक ईसीजी काढला आणि हिमोग्लोबिन पाहिले, तर बहुतेक काम होते. हिमोग्लोबिन अशासाठी की लोहाची कमतरता असलेल्या मुलांत हे प्रकार अधिक दिसतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली.

हृदयच थांबते तर पेसमेकर का नको, हा प्रश्न रास्त आहे. पण इथे हृदय निरोगी असते आणि बहुतेक मुले शाळेच्या वयापर्यंत यातून बाहेर पडतात. पेसमेकर लागतो तो वारंवार, तीव्र झटके येणाऱ्या मोजक्यांना. खरा आक्षेप दुसरा आहे: वर्णनावर विसंबून एखादे घातक दुखणे निसटले तर? ‘लाँग क्यूटी’ या हृदयविकारात ठोक्याची लयच बिघडते आणि जीव जाऊ शकतो; १९५७ मध्ये येर्वेल आणि लांगे-निल्सन यांनी एकाच घरातल्या बहिऱ्या मुलांत ते नोंदवले. म्हणूनच ईसीजी टाळता येत नाही. वर्णनही इथे कामी येतेच. चिकलठाणा वेधशाळेचा पारा चाळिशीला टेकलेला असताना रांगेत उभे राहून भोवळ येणे बहुधा साधे असते. धावताना किंवा पोहताना कोसळलेल्या, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेल्या मुलाला मात्र ऊन लागले म्हणून घरी धाडता येणार नाही. त्याला त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञाकडे न्यावे लागेल.