नळी लेकराच्या पोटात, दुखणं आईच्या हातात

"नळी लावली म्हणजे आता काही उरलं नाही." सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईला हे वाक्य नातेवाइकांकडून हमखास ऐकावं लागतं. ते खरं नाही. गिळणाऱ्या स्नायूंचा मेळ बसत नसेल तर घास श्वासनलिकेत जातो, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो आणि तास तास भरवूनही वजन वाढत नाही. अशा मुलाला वाढता यावं म्हणून नळी असते. नाकातली नळी साधारण काही आठवड्यांसाठी. गरज लांबली तर डॉक्टर पोटावर लहानसं छिद्र करून थेट जठरात नळी बसवण्याचा विचार करतात. दुर्बिणीच्या मदतीने अशी नळी पहिल्यांदा १९७९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी बसवली, तीही साडेचार महिन्यांच्या बाळाला. नळी असली तरी तज्ज्ञांनी सुरक्षित म्हटल्यास तोंडाने चव देता येते. दात मात्र रोज घासायचेच.

"मग सोपं झालं की, सिरिंजने ओतायचं!" हा दुसरा गैरसमज. दिवसातून पाच वेळा फीड आणि प्रत्येकाला अर्धा तास धरला, तर अडीच तास नुसते दूध-पेज देण्यात जातात. त्या वेळी आणि नंतरही निदान अर्धा तास मुलाचं डोकं ३० ते ४५ अंश वर हवं. फीडच्या आधी आणि नंतर पाणी सोडून नळी धुवायची. औषधं फीडमध्ये कालवायची नाहीत, वेगळी द्यायची. शिवाय प्रत्येक गोळी कुटून चालत नाही, ते डॉक्टरांना विचारावं लागतं. नाकातली नळी जागेवर आहे का, हे हवा मारून आवाज ऐकल्याने खात्रीने कळत नाही. ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा कमी आला तर ती जठरात असल्याचा भरवसा धरता येतो. मूल खोकू लागलं, निळसर दिसलं तर फीड लगेच थांबवायचं.

आता हेच सगळं आमवात असलेल्या बाईच्या हातांनी करायचं आहे, असं समजा. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत दोन ते तीन पट जास्त आढळतो. सकाळी बोटं तास-दीड तास आखडलेली असतात आणि पहिलं फीड नेमकं तेव्हाच असतं. लोक एक तर म्हणतात, "हिच्याच्यानं होणार नाही, मूल संस्थेत ठेवा," नाही तर म्हणतात, "आई आहे, करेलच." मला दुसरं वाक्य जास्त घातक वाटतं, कारण त्यात मदतीचा प्रश्नच मिटवून टाकला जातो.

आजारी आई हे काम करू शकते. कामाची पद्धत तिच्या हातांना जमणारी हवी. सिरिंजचा दट्ट्या दाबायला बळ लागतं, पण तो काढून सिरिंज उंच धरली किंवा टांगली तर फीड आपोआप उतरतं. डॉक्टर-आहारतज्ज्ञांशी बोलून पहिलं फीड थोडं पुढे ढकलता येतं. आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या औषधानंतर अनेकींना दुसऱ्या दिवशी मळमळ, थकवा येतो. त्या दिवशीची फीडं आधीच दुसऱ्याकडे द्यावीत. स्वतःची गोळी चुकवून मुलाकडे धावणाऱ्या आयांना मी कळकळीने सांगेन, तसं करू नका. आमवात आवाक्यात राहिला नाही तर सांध्यांची झीज कायमची होते आणि पुढे मूल उचलायलाच हात उरत नाहीत.

घरात आणखी एकाला तरी नळी हाताळता आली पाहिजे: बाबा, आजी, काका, कुणीही. पोटातली नळी निसटली तर छिद्र काही तासांत आकसू लागतं. ती नवीन बसवलेली असेल तर घरी परत घालायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचं. नळीचा आकार, प्रकार आणि बसवल्याची तारीख लिहिलेला कागद दाराजवळ लावून ठेवावा.

"सरकारी काही मिळत नाही," हेही अर्धसत्य. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे, ऐपतीनुसार योजना आखायचं काम सरकारांवर सोपवलेलं. आईच्या दुखण्याची नोंद मात्र मुलाच्या फाइलमध्ये आपोआप होत नाही. म्हणून डिस्चार्जच्या वेळी तिने स्वतःचा आजार, औषधं आणि हातांनी काय जमत नाही हे सांगून लिहून घ्यावं, आणि फीडचं वेळापत्रक त्यानंतरच ठरवायला लावावं.