केकचे कूळ आणि मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. नाताळच्या केकचे मात्र कूळही विचारावे आणि मूळही शोधावे. कारण डिसेंबर उजाडला की या निरुपद्रवी पदार्थावरून नको तो वाद उभा राहू लागला आहे. शाळेत मुलांना नाताळचा केक वाटावा काय, आपल्या घरी तो आणावा काय, हा सण ‘आपला’ की ‘त्यांचा’, असे प्रश्न शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीतल्या मधल्या सुट्टीतही ऐकू येतात. ज्याला परका ठरवून हा वाद घातला जातो, तो केक खरोखरच किती परका आहे, हे तरी आधी पाहिले पाहिजे.

ज्या इंग्लंडहून तो आपल्याकडे आला, तेथेही तो मुळात नाताळचा नव्हता. नाताळनंतरच्या बाराव्या दिवसाच्या सणाला, म्हणजे जानेवारीच्या आरंभी, तेथे हा मोठा केक कापीत. त्यात कडधान्याचा एक दाणा लपविलेला असे आणि तो ज्याच्या वाट्याला येई, तो त्या रात्रीपुरता राजा होई. एकोणिसाव्या शतकात त्या सणाचे महत्त्व ओसरले आणि केक नाताळच्या मेजावर येऊन बसला. ‘प्लम केक’ हे त्याचे नावही फसवे आहे. त्यात प्लमचे फळ नसते. जुन्या इंग्रजीत मनुकांनाच प्लम म्हणत. या मनुका आल्या भूमध्य समुद्राकाठच्या मळ्यांतून, दालचिनी आली सिंहलद्वीपाहून, जायफळ आणि लवंग पूर्वेकडच्या बेटांवरून. १९२७ साली ब्रिटिश सरकारच्या ‘एम्पायर मार्केटिंग बोर्डा’ने राजाच्या मुदपाकखान्यातील नाताळच्या पुडिंगची कृती प्रसिद्ध केली, तेव्हा जिन्नसांपुढे वसाहतींची नावे होती : बेदाणे ऑस्ट्रेलियाचे, लवंग झांझिबारची, रम जमैकाची. हेतू साम्राज्यातला माल खपविण्याचा होता. परंतु सिद्ध झाले ते एवढेच की, इंग्लंडच्या या राष्ट्रीय पक्वान्नात इंग्लंड फार थोडे होते. पुडिंग ही केकची सख्खी बहीण. एकीचे कूळ तेच दुसऱ्याचे.

हिंदुस्थानातील त्याची कथा याहून बोलकी आहे. केरळातील तलश्शेरी येथे मंबळी बापू नावाच्या गृहस्थांची बेकरी होती. अंजरकंडी येथील दालचिनीच्या मळ्याचे मालक मर्डोक ब्राऊन यांनी १८८३ साली विलायतेहून आणलेला केक त्यांना चाखावयास दिला आणि तसाच करून मागितला. त्यात माहेची फ्रेंच ब्रँडी घालावी, अशी साहेबांची सूचना होती. बापूंनी ती बाजूला ठेवून काजूच्या बोंडांची आणि केळ्यांची गावठी दारू वापरली. केक साहेबांना इतका पसंत पडला की, त्यांनी आणखी डझनभर मागविले, असे मंबळी घराण्यात सांगतात. भारतीय हातांनी घडलेला हा पहिला नाताळचा केक मानला जातो, आणि तो घडविणारा ख्रिस्ती नव्हे, हिंदू होता.

पुढे प्रत्येक गावाने आपापल्या फडताळात हात घातला. अलाहाबादेत लोण्याच्या जागी साजूक तूप आले आणि महागड्या फळांबरोबर कोहळ्याचा पेठा पडला. साध्या बेकरीच्या केकमध्ये चमकणारी लाल-हिरवी ‘टूटीफ्रूटी’ म्हणजे पाकात मुरविलेली कच्ची पपई, हे खाणाऱ्यांच्या ध्यानीही नसते. कलकत्त्याच्या न्यू मार्केटातील नहूम हे दुकान बगदादी यहुद्यांचे. नाताळात त्याच्यापुढे सर्व धर्मांच्या गिऱ्हाइकांची रांग लागते. आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरातून शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या नाताळच्या ताटात केकशेजारी असते ती नेवरी, म्हणजे आपली करंजीच.

एवढे सगळे बदलूनही केक केकच राहिला, तो कशामुळे? जिन्नसांमुळे नव्हे, तर सबुरीमुळे. फळे कित्येक आठवडे आधी मद्यात किंवा संत्र्याच्या रसात भिजत घालावी लागतात. फळे तहानलेली राहिली तर पिठातला ओलावा शोषून घेतात आणि केक कोरडा होतो. मंद आचेवर तो तीन-चार तास भाजावा लागतो. मद्यातला असेल, तर पुढेही टोचून टोचून त्याला अधूनमधून चमचाभर पाजावे लागते. साखर आणि मद्य मिळून बुरशीला पाण्याचा थेंब मिळू देत नाहीत, म्हणून तो टिकतो. २०१७ साली अंटार्क्टिकावरील केप अडेर येथे एका जुन्या लाकडी झोपडीत स्कॉटच्या मोहिमेतील सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा फळांचा केक गंजलेल्या डब्यात सापडला. त्यात तेथील थंडीचा वाटा मोठा, हे खरे. तरी तो दिसावयास जवळजवळ धड होता. ज्या घरात अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजतात आणि पीठ गुळात मुरत पडते, त्या घराला ही सबुरी परकी वाटण्याचे कारण नाही.

अंडे किंवा मद्य ज्याला वर्ज्य असेल, त्याने केक अवश्य नाकारावा. ते कारण प्रामाणिक आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. परंतु ‘परका’ म्हणून नाकारणाऱ्याने एकादशीच्या ताटाकडेही पाहावे. त्यातला बटाटा दक्षिण अमेरिकेतला आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. ते आपल्या उपासाला चालतात, कारण कोणा पूर्वजाने त्यांचे कूळ न विचारता त्यांना चुलीवर चढविले. संस्कृती अशीच वाढते : दुसऱ्याच्या ताटातले घेऊन, त्यात आपले घालून आणि पुन्हा शेजाऱ्याला वाटून. शाळेत केकचा तुकडा हाती आलेल्या मुलाला शिक्षकांनी तो कोणाचा, हे सांगण्याऐवजी तो कोठकोठून आला, हे सांगावे. त्या एका तुकड्यात भूगोल आहे, इतिहास आहे, थोडे रसायनशास्त्र आहे आणि नागरिकशास्त्राचा तर संपूर्ण धडाच आहे.