साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं

सकाळी 6:20
झालानाच्या डोंगराकडून मोर ओरडतायत. जयपूरच्या मालवीय नगरातल्या या गल्लीत अजून एकही शटर वर गेलेलं नाही. जुन्या कॅसेट्स डिजिटल करून देणारे भाईसाहब मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पोचलेत. खोली दहा बाय बारा. मे महिना आहे. दुपारी पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो, म्हणून कामाला सकाळीच हात घालायचा. आल्या आल्या एसी लावतात. गल्लीत सगळ्यांकडे कूलर आहेत, इथे नाही. कूलरची ओल टेपला बाधते. मेचं विजेचं बिल सहा हजारांच्या पुढे जातं. "एसी मेरे लिए नहीं, इनके लिए है," ते फळीकडे हात करून म्हणतात. फळीवर एकतीस कॅसेट्स उभ्या आहेत.

कॅसेट्स एका शाहिराच्या. नाशिक जिल्ह्यातला माणूस. दिवसा कारखान्यात, रात्री फडावर. गाणी स्वतः लिहायची, चालही स्वतःच बांधायची, ढोलकी आणि पेटी घेऊन गायची. त्यातलं एकही गाणं कधी बाजारात आलं नाही. 2006 साली ते गेले. मुलगी नोकरीमुळे जयपूरची झाली आणि ट्रंक तिच्यासोबत इकडे आली. आता तिला पाच सीडींचा संच काढायचाय, पुस्तिकेसकट, शंभर प्रती. संच हातात येईपर्यंत बाबांचं नाव कुठे छापू नका, असं ती म्हणाली. म्हणून लिहीत नाही.

सकाळी 7:00
डेकचं झाकण काढलेलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, कापसाच्या काड्या. आधी हेड, मग रबरी रोलर. काडी तपकिरी होते, फेकायची, दुसरी घ्यायची. चौथी काडी पांढरी राहिली की बास. कालची आंधी रात्रभर होती, धूळ फटीतून आत आलीये. ही धूळ हेडवर बसली की आवाजावर कांबळं पडल्यासारखं होतं.

मग बारीक स्क्रू-ड्रायव्हर. हेडच्या बाजूला एक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन फिरतो. ज्या मशीनवर कॅसेट भरली त्याचा कोन आणि इथला कोन जुळायला हवा. जुळला नाही तर टाळ, चाळ, 'स' आणि 'श' बोथट होतात. प्रत्येक कॅसेटला हा स्क्रू नव्याने फिरवायचा. डोळे मिटून फिरवतात. अर्ध्या मिलिमीटरने ढोलकीची शाई अचानक समोर येते. मलाही कळलं ते.

सकाळी 7:40
पहिली कॅसेट. साठ मिनिटांची, सुमारे 86 मीटर टेप, रुंदी चार मिलिमीटरहून कमी. सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते. फिलिप्सने 1963 साली कॅसेट आणली तेव्हाही एवढाच वेग होता. दोन बाजूंना दोन अर्धे तास. यात घाई नाही करता येत. चार-चार मशीन एकदम लावून चहाला जाणारे लोक या धंद्यात आहेत. हे एकच लावतात आणि समोर बसून ऐकतात. अडकली टेप तर दोन सेकंदांत बंद करता आली पाहिजे.

दर कॅसेटला 300 रुपये. साफसफाई, कोन, दोन्ही बाजू, नोंद असं धरून पावणेदोन तास जातात. दिवसाला चार, फार तर पाच. त्यातून खोलीचं भाडं, एसी आणि हाताखालच्या एकोणीस वर्षांच्या मुलाचे महिन्याचे 9,000 निघायचे. मुलगा कोपऱ्यात शाहिरांच्या वह्या स्कॅन करतोय. एका वहीच्या पाठीवर किराण्याचा हिशेब आहे, तोही स्कॅन करतो. ताईंनी, म्हणजे शाहिरांच्या मुलीने, तसं बजावलंय.

सकाळी 9:30
दुसरी कॅसेट. विमानं आता दर थोड्या वेळाने डोक्यावरून सांगानेरकडे उतरतायत. रेकॉर्डिंग तारेतून होतं, बाहेरचा आवाज आत जात नाही, पण ऐकणाऱ्याचं लक्ष तुटतं. हेडफोन घट्ट करतात.

भाईसाहबांना मराठी येत नाही. एक अक्षर नाही. तरी नोंदवहीत त्यांनी लिहिलंय: "गाना 3, इनका. गाना 4, वामन." मी विचारलं, कसं कळलं? "छाप से." कबीराच्या, मीरेच्या भजनात शेवटच्या कडव्यात नाव येतं, त्याला इकडे छाप म्हणतात. आपल्याकडची नाममुद्रा. गाणं संपत आलं की ते कान टवकारतात. शाहिरांचं नाव आलं तर संचात. 'वामन' आलं तर बाजूला. ते वामनदादा कर्डकांचं.

वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांची भीमगीतं वस्त्यावस्त्यांत लोकांनी गळ्यात बांधून घेतली. हे शाहीरही कुठल्याही कार्यक्रमात आधी वामनदादांचं गात, मग आपलं. म्हणजे कॅसेटवर दोघं एकमेकांत मिसळलेले, आणि जयपूरचा एक माणूस भाषा न कळता ते निवडतोय. दिवसभरात मी पाहिलेलं सगळ्यात मोठं काम हेच.

सकाळी 11:15
तिसरी कॅसेट चालेना. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपला हेडवर दाबणारा फेल्टचा तुकडा गळून पडलाय. या कवचाला स्क्रू नाहीत, चिकटवलेलं आहे. कडेने ब्लेड फिरवून दोन भाग सोडवतात. रिळं उचलून दुसऱ्या कवचात ठेवायची. असली रिकामी, पाच स्क्रूंची कवचं भंगारवाल्याकडून किलोवर आणलेली आहेत. डेकचे रबरी पट्टे मात्र जयंती मार्केटमधून, एक साठ रुपयांना, आणि तिथेही आता मिळतीलच असं नाही.

एका ठिकाणी टेप चुरगळलीये. बोटाच्या नखाने, कापडावर ठेवून, सरळ करतात. वीस मिनिटं गेली. याचे वेगळे पैसे नाहीत.

दुपारी 1:10
डबा. पोळ्या, गट्ट्याची भाजी, लसणाची चटणी, ताक. डेक बंद, एसी चालू.

जेवताना कोमल कोठारींचा विषय निघाला. राजस्थानात ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्या कुणाजवळही तो निघतोच. विजयदान देथांबरोबर त्यांनी 1960 साली बोरुंदा गावात रूपायन संस्थान उभं केलं आणि लंगा-मांगणियार लोकगायकांची गाणी आयुष्यभर मुद्रित केली. ते गेले 20 एप्रिल 2004 ला. वामनदादा त्याच वर्षी 15 मेला. जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकरांसोबत गोळा करणारे पुण्याचे गी पॉइटवाँ, तेही 2004 सालीच. मी हे बोललो तेव्हा भाईसाहब पोळी हातात धरून थांबले. मग म्हणाले, त्यांच्या टेपांना घर तरी मिळालं. आणि फळीकडे पाहिलं.

दुपारी 3:30
ताई आल्या, बँकेतून अर्धी रजा टाकून. सोबत पन्नास रुपयांच्या कांदा कचोऱ्या. सकाळची दुसरी कॅसेट लावली आणि त्या लगेच म्हणाल्या, "हे बाबा नाहीत. आवाज चोरटा आहे."

भाईसाहबांनाही शंका होती. भरताना सेल उतरलेले असतील तर मशीन हळू चालतं. नीट वेगाच्या मशीनवर ती टेप मग पळते, आवाज चढतो, बारीक होतो. किती चढला हे ठरवायला काहीतरी न बदलणारं लागतं. विजेवर भरलेली कॅसेट असती तर 50 हर्ट्झची घरघर मोजली असती. सेलवरच्या मशीनला घरघर नाही. राहिली पेटी. पेटीचे सूर हवामानाने फार हलत नाहीत.

"बाबा कुठल्या पट्टीत गायचे, दीदी?"
"काळी दोन. कायम काळी दोन."

कीबोर्डवर सूर धरला. टेपवरची पेटी पांढरी तीनला वाजतेय. अर्धा स्वर चढा, म्हणजे जवळपास सहा टक्के. आकडा घातला, वेग उतरवला, पुन्हा लावलं. ताईंनी कचोरी खाली ठेवली. काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली. भाईसाहबांनी वहीत लिहिलं: "5.6 कम."

मूळ फाइलला हात लावत नाहीत. दुरुस्ती फक्त प्रतीवर. मूळ तशीच, खरखरीसकट, सेकंदाला 96,000 नमुने, 24 बिट. तासाला दोन जीबी होतात. दोन हार्ड डिस्क, एक ताईंकडे, एक नाशिकला त्यांच्या भावाकडे जाणार.

संध्याकाळी 5:40
खोक्याचा नमुना आला. कागद सांगानेरचा, हाताने केलेला, होजियरीच्या सुती कातरणाचा. सांगानेर इथून जवळच, कागजी लोकांचं गाव. बोट फिरवलं की धागा लागतो.

संचाची कल्पना ताईंना इथल्या मुलाने दिली. त्याने गायिका जोनी मिचेलचा 2020 साली आलेला संच दाखवला होता, पाच सीडी, 1963 ते 67 मधली, प्रसिद्ध होण्याच्या आधीची घरातली, रेडिओवरची गाणी. ताई म्हणाल्या, आपल्याकडे तर ट्रंकभर आहे.

हिशेब कागदाच्या कपट्यावर होतो. खोकं 190. अठ्ठेचाळीस पानी पुस्तिका 120. पाच सीडी 110, त्यांवरची छपाई 40. झाले 460. शंभराचे 46,000. कॅसेट्सचे 9,300 वेगळे. ताईंनी सोन्याच्या बांगड्यांबद्दल काहीतरी पुटपुटलं. भाईसाहब म्हणाले, छपाईवाला इथेच इंडस्ट्रियल एरियात आहे, ओळखीचा आहे, पुस्तिका शंभरात करून देईल. विकायच्या नाहीत प्रती. गावच्या बुद्धविहारात, वाचनालयात, आणि जे ढोलकीवाले, कोरसवाले अजून आहेत त्यांच्या घरी.

संध्याकाळी 7:15
दिवसाची शेवटची. नव्वद मिनिटांची, म्हणून टेप पातळ. गाणं सुरू होण्याआधी तेच गाणं लांबून, पुसट ऐकू येतं, मग खरं सुरू होतं. मी दचकलो. रिळावर वेढ्याला वेढा चिकटून तीस वर्षं पडलेला असतो, एकाचं चुंबकत्व दुसऱ्यावर उमटतं. "निकाल सकता हूँ," भाईसाहब म्हणाले. ताई म्हणाल्या, राहू द्या.

तिसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी. मग ताईंच्या आईचा आवाज, जेवायला चला. शाहीर थांबत नाहीत, पुढची ओळ जरा जोरात घेतात. शेवटी नाव येतं, त्यांचंच. भाईसाहबांनी खूण केली, मग पेन्सिल शिट्टीच्या जागेवर टेकवून ताईंकडे पाहिलं.

"हे पण राहू द्या."

रात्री 9:20
बाजू ब संपली. खटका वर आला. उद्याच्या चार कॅसेट्स डब्यांतून काढून फळीच्या कडेला ठेवल्या, रात्रभर खोलीची हवा लागावी म्हणून. नोंदवही: आज चार. राहिल्या एकोणीस. मुलगा झाडू मारतोय, ओल्या फडक्याने, धूळ उडू नये असा. भाईसाहबांनी डेकवर कापड टाकलं आणि एसीचा तापमानाचा काटा दोनाने वर केला.