पडीक रान, हराळी आणि छोटा ट्रॅक्टर

वर्ध्याहून नागपूरकडे निघाले की थोड्याच वेळात धाम नदीच्या काठचे पवनार लागते. तेथील परंधाम आश्रमात १९५० च्या सुमारास विनोबांनी बैलांशिवाय, केवळ माणसाच्या हातांनी शेती करण्याचा प्रयोग केला होता. तिला ते ऋषिशेती म्हणत. या प्रयोगामागचा विचार हा आपला आजचा विषय नाही, पण त्यातली ऊर्जा मोजून पाहण्यासारखी आहे. धडधाकट माणूस दिवसभर टिकेल अशा बेताने राबला तर सुमारे ७५ वॅट शक्ती देतो, म्हणजे एक दशांश अश्वशक्ती. बैलाची अर्धी अश्वशक्ती धरता येईल. आज बागांतून आणि कपाशीच्या ओळींतून फिरणारा छोटा ट्रॅक्टर १५ ते २० अश्वशक्तीचा असतो. १८ अश्वशक्तीचा धरला तर ३६ बैल झाले!

मग हाच ट्रॅक्टर काळ्या जमिनीत खोल नांगर ओढताना जागच्या जागी चाके का फिरवतो? छत्तीस बैल गेले कुठे?

गणित करून पाहू. अशा ट्रॅक्टरचे वजन ८०० किलोग्रॅम धरा. चाक जमिनीला मागे रेटते म्हणून ट्रॅक्टर पुढे जातो आणि हे रेटणे घर्षणावर, म्हणजे शेवटी वजनावर अवलंबून असते. शेतातल्या मातीत वजनाच्या साधारण निम्मी ओढ मिळते. म्हणजे ४०० किलोग्रॅम वजनाइतकी, सुमारे ३,९०० न्यूटन. नांगरताना वेग ताशी ४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.१ मीटर. दोहोंचा गुणाकार ४,३०० वॅट, जेमतेम सहा अश्वशक्ती. बाकीची शक्ती इंजिनात आहे, पण तिला जमिनीपर्यंत जायला वाट नाही. वेग तिप्पट केला तर गणित जुळेल, पण खाचखळग्यांच्या पडीक रानात तसे कोण चालवणार? त्यातून जमीन ओली असेल तर काळी माती चाकाला लपेटते आणि निम्मी ओढही मिळत नाही.

ही अडचण ओलांडणारी सोय ट्रॅक्टरच्या पाठीमागेच असते. तिला शेतकरी पीटीओ म्हणतात. इंजिनाला जोडलेला हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो आणि मागच्या अवजाराला थेट फिरवतो. शक्ती चाकांतून, मातीतून जात नाही, त्यामुळे वजनाचे बंधन राहत नाही. म्हणून हलक्या ट्रॅक्टरला ओढायच्या अवजारापेक्षा फिरणारे अवजार शोभते : गवत कापायचे स्लॅशर, माती घुसळायचा रोटाव्हेटर, पऱ्हाटीचा चुरा करणारे यंत्र. रोटाव्हेटरची पाती तर माती मागे फेकताना ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात. भारतातील सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.०८ हेक्टर निघाली. एवढ्या शेताला मोठा ट्रॅक्टर विकत घेणे परवडत नाही आणि त्याच्या वजनाने माती दबते ते वेगळेच. छोट्या ट्रॅक्टरचा विचार होतो तो यामुळे.

आता स्लॅशरकडे पाहू. विळ्याने गवत कापताना आपण डाव्या हाताने मूठ धरतो, मग पाते सावकाश फिरले तरी चालते. स्लॅशरला डावा हात नाही. गवताची काडी मोकळी उभी असते आणि तिला जागेवर धरणारे असते ते तिचे स्वतःचे जडत्व. पात्याने वाकून निसटण्याइतका वेळ तिला मिळता कामा नये. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १.२ मीटर आणि गिअरपेटीने वाढवलेले फेरे मिनिटाला १,००० असतील, तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी २२६ किलोमीटर होतो. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे.

यातून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात. गवत दाट लागले की चालक इंजिनाचा वेग कमी करतो. पण मग पातीही मंदावतात आणि गवत कापले न जाता नुसते लोळते. इंजिनाचा वेग पूर्ण ठेवून खालचा गिअर टाकावा, म्हणजे ट्रॅक्टर हळू चालतो आणि पाती जोरात फिरतात. दुसरी गोष्ट दगडांची. पाती कणखर न बसवता खिळीवर सैल जोडतात, ती दगड लागला की मागे दुमडावीत म्हणून. तरीही दगड उडतोच, आणि तो पात्याच्याच वेगाने सुटू शकतो. पडीक रानातले दगड, तारा, खुंट आधी पायी फिरून वेचले पाहिजेत आणि शंभर मीटरांच्या आत कोणी बघ्या उभा राहू देऊ नये. शाळेचे मैदान साफ करताना तर नाहीच नाही.

यंत्राची बाजू येथवर झाली. पण पडीक रान साफ करण्याचा खरा प्रश्न मला वनस्पतिशास्त्राचा वाटतो. गवताचा वाढीचा कोंब शेंड्याला नसतो, बुडाशी असतो. म्हणून गाईने चरले काय किंवा स्लॅशरने कापले काय, ते पुन्हा वाढते. हराळी आणि कुंदा यांचे जमिनीतले खोड पेरापेरांचे असते आणि प्रत्येक पेरावर एक झोपलेला डोळा असतो. रोटाव्हेटर या खोडाचे वीतभर-बोटभर तुकडे करतो आणि ओल्या मातीत नीट पसरून देतो. शेत त्या दिवशी चकचकीत दिसते. पहिल्या पावसानंतर मात्र हराळीची लागवड केल्यासारखी उगवण होते. डिझेल जाते, भाडे जाते, आणि निंदणाचा खर्च पूर्वीपेक्षा वाढतो. लव्हाळ्याच्या गाठींचेही तसेच.

मध्य भारतात कांस गवताने लाखो एकर जमीन व्यापली होती. तिच्यासाठी भारताने १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज घेऊन अवजड ट्रॅक्टर आणले. तेव्हाही भिस्त खोल नांगरटीवर होती. कंद-मुळे उलटून वर आणायची आणि उन्हाच्या हवाली करायची. आजही हराळीच्या रानात हाच मार्ग चांगला. छोट्या ट्रॅक्टरने आधी वरचे गवत कापून घ्यावे, मग एका दिवसापुरता मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणून खोल नांगरट करावी, ढेकळे न फोडता एप्रिल-मेच्या उन्हात तापू द्यावीत. वऱ्हाड-वर्ध्याचा ४५ अंशांचा उन्हाळा येथे फुकटचा मजूर आहे. वखराने वर आलेल्या काशा वेचून धुऱ्याबाहेर न्याव्यात. रोटाव्हेटर शेवटी, किंवा नाहीच.

गाजरगवताची गोष्ट वेगळी. ते वर्षायू आहे आणि बियांनीच पसरते. एका झाडाला हजारो बिया येतात. तेथे स्लॅशर उपयोगी, पण फुलोऱ्याच्या आधी. नंतर कापले तर यंत्रच बिया पेरत जाते. लहानपणी त्याची पाने जमिनीला चिकटून पसरलेली असतात, तेव्हा पाते वरून निघून जाते. कापलेले झाड बुडातून पुन्हा फुटते, म्हणून एका फेरीत काम होत नाही. एका शेतातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी यंत्राच्या पोटाला लागलेला चिखल धुवावा.

पीटीओबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. दांड्याचा व्यास १० सेंटिमीटर असला तर त्याचा परीघ ३१ सेंटिमीटर, म्हणजे अडकलेले कापड सेकंदाला पावणेतीन मीटर वेगाने गुंडाळले जाते. माणसाला काही सुचून हात मागे घ्यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात जवळजवळ मीटरभर उपरणे, दुपट्टा किंवा पदर आत गेलेला असतो. दांड्यावरचे प्लॅस्टिकचे कवच अडचण होते म्हणून काढून ठेवलेले अनेक ठिकाणी दिसते. ते काढू नये, आणि गुंतलेले गवत सोडवताना इंजिन बंदच करावे.

हराळीचा प्रयोग शाळेत सहज करता येतो. जमिनीतली खोडे खणून एक, दोन आणि चार पेरांचे प्रत्येकी दहा तुकडे करा. काही लगेच कुंडीत बोटभर खोल लावा, काही एक दिवस, काही तीन आणि काही सात दिवस उन्हात वाळवून मग लावा. वाळवण्यापूर्वी आणि नंतर तुकड्यांचे वजन करून किती पाणी गेले ते लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी फुटलेले तुकडे मोजा आणि आलेख काढा. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी रोटाव्हेटर चालत असेल, तर त्याने कापलेले तुकडे आणून किती पेरांचे आहेत तेही मोजता येईल.