मोत्याचे पोते

बँकेत असताना दुभत्या गाईंच्या कर्जापायी काष्टीच्या बाजारात मी पुष्कळ हिंडलो. दात, कास, कानातला विम्याचा बिल्ला पाहिल्याशिवाय कागदावर सही केली नाही. आणि तोच मी, निवृत्तीनंतर, ऐकीव गोष्टीवर एका मुक्या जिवाचा निकाल लावायला निघालो होतो.

२०२२ चा सप्टेंबर. लम्पीमुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद झालेले. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या आठ महिन्यांच्या मोत्याच्या ओठांवर, हिरड्यांवर फ्लॉवरच्या तुऱ्यांसारख्या गाठी उगवल्या.

"लम्पीच ती, अण्णा! गोठ्यात गाय आहे तुमच्या. लांब सोडून या." शेजारी म्हणाले. कुणी चुना लावायला सांगितला. खरं सांगतो, मी पोतं बाहेर काढलं होतं. नातीनं ते घट्ट धरून ठेवलं. "आधी डॉक्टर!"

डॉक्टरांनी मोत्याचा जबडा उघडून पाहिला. "चामखिळी आहेत. विषाणूमुळे कोवळ्या कुत्र्यांना होतात. कुत्र्याकडून कुत्र्याला लागतात. गाईला नाही, माणसाला नाही. लम्पी गाईम्हशींचा रोग. चुना नको, खरवडणं नको. पाण्याचं भांडं वेगळं ठेवा. अंगात प्रतिकारशक्ती आली की बहुधा आपोआप गळतात. पण खाणं सुटलं, रक्त आलं किंवा तीन महिन्यांत गेल्या नाहीत, तर तुकडा तपासू. प्रत्येक गाठ चामखीळ नसते."

दिवाळी सरली, तोवर मोत्याचे ओठ स्वच्छ झाले. पोतं अजून घरात आहे. मोत्या त्यावर झोपतो. जाता-येता मला ते दिसतं.